विहिणीच्या बाहुलीचं नाक

हिंगणघाटला आमचं कापडाचं दुकान आहे. त्याच्या पायरीवरून मी नाकासमोर चालायला लागले, तर समोरच्या मेडिकलमध्ये न पोचता त्याच्या डावीकडच्या सायकलवाल्याकडे पोचेन. हा शोध माझ्या नवऱ्याचा. आख्ख्या संसारात त्याने स्वतःच्या डोक्याने लावलेले शोध फार थोडे, म्हणून हा एक तो आल्या-गेल्याला ऐकवतो. मी चिडते. चिडले की माझ्या नाकाचा शेंडा पांढरा पडतो, आणि मग तो तेही लोकांना दाखवतो.

हे नाक घेऊन मी जन्मले नाही, हे आधी सांगितलं पाहिजे. जन्मतः माझं नाक बाकदार होतं. वाकडं ते नंतर झालं, आणि तेही रीतसर नागपूरला जाऊन, ऑपरेशन करून घेतल्यावर.

पहिलं नाक बाबांचं होतं. बाबांचं आष्टीला किराणा दुकान होतं. मधोमध उंचवटा आणि तिथून खाली पोपटाच्या चोचीसारखा उतार, असं ते नाक. बाजाराच्या दिवशी खेड्यांतून आलेली माणसं दुकानाची पाटी वाचायची नाहीत, गल्ल्यावरचं नाक बघायची आणि आत शिरायची. बाबांना ते शोभायचंही. पुरुषाच्या चेहऱ्यावर असं नाक असलं की माणूस जुना, भरवशाचा वाटतो. तेच नाक एकवीस-बावीस वर्षांच्या मुलीच्या तोंडावर आलं, की मुलगी खोलीत यायच्या आधी नाक येतं.

एकदा वर्धेकडचं एक स्थळ मला बघून गेलं. चिवडा दोनदा मागून खाल्ला आणि चार दिवसांनी निरोप पाठवला, "पोरगी गुनाची हाये, पन नाकाचं जरा जास्तच हाये." निरोप आला तेव्हा बाबा गिऱ्हाइकाला साखर मोजून देत होते. त्यांनी साखर मोजून दिली, पुडा बांधला, आणि दिवसभर कोणाशी बोलले नाहीत. मी मात्र खूप बोलले. मला हे नाक नको, मला नागपूरला न्या, असा हट्ट धरून बसले. आई रडली, काकूने नाक मुरडलं (तिला ते जमायचं, कारण तिचं लहान होतं), पण बाबा मला घेऊन गेले.

डॉक्टरने आधी माझ्याकडे बघितलं, मग बाबांकडे, मग पुन्हा माझ्याकडे. तो काही विचारणार, एवढ्यात बाबाच म्हणाले, "डॉक्टरसाहेब, माल माह्याच दुकानातला हाये."

पट्ट्या निघाल्या त्या दिवशी आरशात एक सरळ, नीटनेटकं, कोणाचंही असू शकेल असं नाक होतं. चाफेकळीच म्हणा. मी हरखून गेले. आई देवापुढे साखर ठेवायला धावली. बाबांनी मला उजेडात नेऊन दोन्हीकडून न्याहाळलं, मग स्वतःच्या नाकावरून बोट फिरवत म्हणाले, "चला, आता घरात हे नाक माह्या एकट्याचंच राह्यलं." सगळे हसले. सगळ्यांत जास्त मी हसले, आणि टाके ओढले गेले म्हणून कळवळले.

पुढे हिंगणघाटचं स्थळ आलं. बघण्याच्या कार्यक्रमात पोहे फिरायच्या आधीच बाबांनी जाहीर करून टाकलं, "पोरीचं नाक आमी बदलवून घेतलं हाये. पुढच्या पिढीत माह्यं निंघालं तं तक्रार चालनार नाई, आत्ताच सांगून ठेवतो." मला धरणी दुभंगून आत घेईल तर बरं असं झालं. मुलगा मात्र इतक्या मोठ्याने हसला की त्याच्या बशीतले पोहे सतरंजीवर सांडले. तोच माझा नवरा. तेव्हापासून तो माझ्या नाकावर हसतो आहे, म्हणजे त्याने फसवलं असं मला म्हणता येत नाही.

लग्न होईपर्यंत नाक चांगलं वागलं. मग हळूहळू त्याने अंग काढून घेतलं. मधली दांडी डावीकडे कलली. शेंड्याला उजव्या बाजूने खळी पडली. खळी गालाला पडली असती तर लोकांनी कौतुक केलं असतं. डावी नाकपुडी आत ओढली गेली, आणि तिच्यातून श्वास जाईना झाला. दुपारी जेवून मी जरा आडवी झाले की ती शिट्टी वाजवायची. नवरा पेपरातून डोकं वर न काढता सांगायचा, "अवं, तीन झाल्या. गॅस बंद कर."

चष्मा लागला तेव्हा तर कहर झाला. चष्मेवाल्याने फ्रेम चढवली, एक डोळा मिटून बघितलं, काढली, डावी काडी वाकवली, पुन्हा चढवली, पुन्हा काढली. असं बराच वेळ चाललं. शेवटी तो घाम पुसत म्हणाला, "बाई, चष्मा आता सरळ हाये. बाकीचं माह्या हातात नाई." तो चष्मा टेबलावर ठेवला की एका पायावर उभं राहिल्यासारखा डुगडुगतो.

नथ ही तर आणखी वेगळी परीक्षा. चांगल्या नाकावर नथ ओठाच्या कडेला झुलते. माझी नथ थेट तोंडात येते. सणासुदीला मी वरणभाताच्या प्रत्येक घासाबरोबर दोन मोती चाखते.

यावर मी माझ्यापुरता इलाज शोधून काढला होता. फोटोत उजवी बाजू द्यायची. डावी बाजू देवाने आणि घरच्यांनी बघावी, जगाने नाही. कोणी मोबाइल वर केला की माझी मान आपोआप वळायची. मुलाचं बारसं, नणंदेचं लग्न, दुकानाची दिवाळीतली पूजा, कुठलाही फोटो काढून बघा. सगळे कॅमेऱ्याकडे बघून हसताहेत आणि मी बाजूला, पंगतीत आता काय वाढताहेत ते बघते आहे असं वाटेल. लोकांना मी खादाड वाटले असेन. वाकड्या नाकाची वाटण्यापेक्षा ते बरं.

बाबा जाऊन बरीच वर्षं झाली. त्यांचा एक फोटो दुकानात गल्ल्याच्या वर लावलेला आहे, आष्टीच्या दुकानात काढलेला, नाकासकट. आणि त्यांनी बजावून ठेवलं होतं तसंच झालं. मी घालवलेलं ते नाक थेट माझ्या मुलाच्या तोंडावर येऊन बसलं. मुलाला त्याचं काहीच वाटत नाही. त्याने लग्न ठरवलं ती मुलगी सेवाग्रामला दवाखान्यात नोकरी करते, आणि ती तर म्हणते की मी आधी नाकच बघितलं. हल्लीच्या मुलींचं काही सांगता येत नाही.

मुलाचं लग्न ठरलं आणि मला सगळ्यांत आधी आठवलं ते माझं नाक. नवऱ्या मुलाची आई म्हणजे मांडवात सगळ्यांच्या नजरा तिच्यावर. मी गुपचूप नागपूरला गेले, दुसऱ्या एका डॉक्टरकडे. हा तरुण होता. त्याने चारही बाजूंनी फोटो काढले, बोटाने दाबून बघितलं आणि सांगितलं की होईल, बरगडीची कूर्चा काढून आधार देता येईल, पण सूज उतरायला वेळ लागेल, तेव्हा लग्न झाल्यावर या. मग त्याने विचारलं, "पहिल्या ऑपरेशनच्या आधीचा एखादा फोटो आहे का? मूळ नाक कसं होतं ते बघायला." मी म्हटलं, नाही. एकही ठेवलेला नाही. लग्नानंतरची तारीख घेऊन मी परत आले. म्हणजे लग्नात हेच नाक मिरवायचं, हे पक्कं झालं.

तेवढंही मी सोसलं असतं. पण रुखवत होतं ना.

आमच्याकडे मुलीकडच्या बायका रुखवतात विहिणीची बाहुली मांडतात. विहीण म्हणजे नवऱ्या मुलाची आई, आणि तिची थट्टा करायचा तो एकच दिवस असतो. विहीण जाड असली तर बाहुली गोल. विहिणीला पान खायची सवय असली तर बाहुलीचे ओठ लालभडक. दुसऱ्यांच्या लग्नात मी या बाहुल्यांना सगळ्यांत आधी हसलेली आहे. विहिणीने चिडायचं नसतं. चिडली तर वर्षभर दोन्ही घरांत तेच चघळलं जातं. आता पाळी माझी होती, आणि बाहुली करणाऱ्यांना माझ्या चेहऱ्यावर काय सापडणार हे सांगायला ज्योतिषी नको होता. दीडदोनशे बायका त्या नाकाला हसणार, आणि मला त्यांच्याबरोबर हसावं लागणार. मला ते जमणार नाही, हे मला आतून ठाऊक होतं.

मुलीच्या आईबापाचं हायवेवरच्या जाम गावच्या चौकात हॉटेल आहे. ट्रकवाल्यांना दटावून दटावून मुलीच्या आईचा, म्हणजे ईनबाईंचा, आवाज खणखणीत झालेला; आमच्याकडे विहिणी एकमेकींना ईनबाईच म्हणतात. मी फोन करून सहज विचारल्यासारखं विचारलं, "बाहुलीगिहुली करता का जी तुमी?"

"करतो तं! तुमची तं फस्टकलास करून राह्यलो आमी, ईनबाई. तुमी येजा फक्त."

आता पुढे काय बोलणार? नाक जरा सांभाळून करा, असं माणूस कोणत्या तोंडाने सांगतो? मी नवऱ्याला गाठलं. म्हटलं, तुम्ही व्याह्यांशी बोलता, आडून सुचवा काहीतरी. तो म्हणाला, "मी पाहतो." माझ्या नवऱ्याने "मी पाहतो" म्हटलं की माणसाने सावध व्हावं. मी लगबगीत होते, विसरले.

लग्न जामलाच, हायवेच्या कडेच्या कार्यालयात झालं. सकाळीच मी फोटोवाल्याला बाजूला घेऊन बजावलं की बाबू, माझे फोटो उजवीकडूनच. नथ तोंडात जाऊ नये म्हणून तिच्या मागे एक टिकली चिकटवली. जरीचं लुगडं नेसले आणि युद्धाला निघाल्यासारखी मांडवात गेले.

अक्षता पडल्या, जेवणं झाली, आणि रुखवताकडून बोलावणं आलं. लांबच लांब टेबलावर सांजोऱ्या, लाडू, चकल्यांचा डोंगर, कापसाचे ससे मांडले होते, आणि मधोमध जरीच्या रुमालाखाली काहीतरी झाकून ठेवलेलं. बायकांचा घोळका जमला. कोणी टाचा उंचावल्या, कोणी मोबाइल. ईनबाईंनी रुमाल ओढला.

हशा पिकला. कापडाची, कापूस भरलेली, हातभर उंच बाहुली होती. हिरवं लुगडं, एका हातात कापड मोजायची मीटरपट्टी, डोळ्यांवर तारेचा चष्मा, तोंडावर मिजास, दुकानात गिऱ्हाइकाने भाव पाडून मागितल्यावर मी करते तशीच. मीटरपट्टी बघून आमच्याकडच्या बायकासुद्धा खो खो हसल्या. मग माझी नजर नाकावर गेली, आणि माझं डोकं तापलं. केवढं मोठं नाक केलं होतं! माझ्या नाकाचा शेंडा पांढरा पडल्याचं मला आतून कळलं. मी काहीतरी बोलणार होते, आणि ते गोड नव्हतं.

पण बाहुलीचं नाक वाकडं नव्हतं.

मी वाकून बघितलं. मधोमध उंचवटा होता. तिथून खाली उतार होता. धाग्याचे बारीक टाके घालून तो बाक इतका नेमका आणला होता की माझा श्वास अडकला, आणि तो फक्त डाव्या नाकपुडीमुळे नव्हे. आष्टीच्या गल्ल्यावर बसून बाजाराच्या दिवशी रस्त्याकडे बघणारं ते नाक होतं. लुगडं नेसून, चष्मा घालून, मोत्यांची नथ घालून माझे बाबा चकल्यांच्या डोंगराशेजारी उभे होते.

मी बाहुलीवर वाकलेलीच राहिले, तसं मांडवातलं हसू थांबलं. ईनबाईंचा खणखणीत आवाज पहिल्यांदाच खाली आला. "काई चुकलं का जी? फोटोत होतं तसंच केलं आमी."

"कोनता फोटो?"

"इवाईबुवांनी पाठवला तो. मले वाटलं, असंच असन तुमचं आधी. जवाईबापूचंबी तसंच हाये. मंग कुठं पडल्या असान तुमी, लागलं असन. लागलेलं कशाले दाखवाव, म्हनून मूळचं केलं. आमी विचारलं नाई तुमाले, बरं नाई दिसत."

मी नवऱ्याकडे बघितलं. तो चकलीचा तुकडा तोंडात धरून उभा होता.

"त्यायनं समोरून काढलेला फोटो मांगितला," तो म्हणाला. "सारा मोबाइल पाह्यला. अल्बमं पाह्यले. लग्नातल्या फोटोत तुही मान खाली, आन् तेच्यानंतर समोरून एकबी फोटो नाई. जिथं तिथं तू पंगतीकडं पाहून राह्यली. मंग बाबाचा फोटो जेच्यातून काढला ना, तो आख्खा फोटो होता माह्याजवळ. त्यात तू बाजूले उभी हायेस. स्टुडिओवाल्याले म्हटलं, आता दुसरी बाजू काढून दे."

दुकानाच्या भिंतीवरचा फोटो आख्खा नाही, हे मी विसरूनच गेले होते. बाबांच्या शेजारी परकर-पोलक्यातून नुकतीच साडीत आलेली एक मुलगी उभी होती, सरळ कॅमेऱ्याकडे बघत, दोघांचं नाक एक. भिंतीवर लावताना ती मुलगी बाहेर राहिली, आणि बाबा एकटे वर गेले.

घरात हे नाक माह्या एकट्याचंच राह्यलं. मला ते हसू आठवलं, टाके ओढले गेल्याचं दुखणं आठवलं, आणि बाबांचं नाकावरून फिरणारं बोट आठवलं. ते थट्टाच करत होते. थट्टेत त्यांनी सगळं सांगून टाकलं होतं आणि आम्ही सगळे हसलो होतो. बाबांची मला इतकी आठवण आली की मी भर मांडवात, विहीण असून, रडायला लागले. रडायलाही माझी उजवी नाकपुडीच कामाला येते, डावी नुसती शिट्टी वाजवते. ती वाजली. आधी माझी सून हसली, मग ईनबाई पदर तोंडाला लावून हसल्या, मग मीही हसले. टिकली सुटली आणि नथ तोंडात गेली.

"काकू, फोटो," फोटोवाला पुढे आला. शहाण्या मुलासारखा तो आठवणीने माझ्या उजव्या बाजूला गेला. मी बाहुली उचलून कडेवर घेतली, मुलाला आणि सुनेला शेजारी ओढलं आणि म्हटलं, "तिकडून नको बाबू. समोरून काढ."

"समोरून?" त्याने दोनदा विचारलं. सकाळचं माझं बजावणं त्याच्या चांगलंच लक्षात होतं.

नागपूरची तारीख मी मोडली नाही. शिट्टी थांबली पाहिजे आणि श्वास पुरला पाहिजे, हे सुनेनेही मला नीट बसवून समजावलं. डॉक्टरला मी लग्नातला फोटो दाखवला. त्याने विचारलं, "यात मूळ नाक कोणतं?" मी मुलाचं दाखवलं, बाहुलीचं दाखवलं. तो म्हणाला, प्रयत्न केला तर आपण त्याच्या बरंच जवळ जाऊ शकतो. मी म्हटलं, राहू द्या. श्वासाची वाट मोकळी करा, बाहेरून हात लावू नका. एकदा हात लावला तेवढा पुरे झाला. हे म्हणताना मला वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू. आरशासमोर उभी राहिले की अजूनही कधीकधी वाटतं. पण चाफेकळीचा नाद आता सुटला.

रुखवत मुलाच्या घरी येतं, तशी बाहुलीही आमच्याकडे आली. नवऱ्याने ती दुकानात गल्ल्याच्या वरच्या फळीवर, बाबांच्या फोटोखाली ठेवली. गिऱ्हाइकं विचारतात, तो रंगवून सांगतो. त्याचा सायकलवाल्याचा जुना शोध आता मागे पडला आहे.

परवा दुपारी दुकानात कोणी नव्हतं. तो खुर्ची मागे सरकवून आधी फोटोकडे बघत बसला, मग बाहुलीकडे, मग ताग्याची घडी घालत बसलेल्या माझ्याकडे.

"या दोघायचं नाक तं एकच हाये," तो म्हणाला. "तू कोन वं मंग?"

मी घडी बाजूला ठेवली आणि सरळ त्याच्याकडे तोंड केलं.

"मी? मी बाबाची पोरगी."